पूजेतली हत्यारं

आमच्या पनवेलजवळच्या विचुंब्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की मला बरं वाटतं. सहा मजले चढताना गुडघे बोलतात, पण माणसं बोलत नाहीत. लिफ्टमध्ये मात्र कुणी ना कुणी भेटतंच. "काका, ते शेतात पडलेलं हेलिकॉप्टर तुमच्याच कंपनीचं होतं ना?" मी म्हणतो, हो. "कसं काय पडलं?" मी म्हणतो, बिघाड झाला. तोवर त्यांचा मजला येतो, ते उतरतात आणि मी सुटतो. चार मजल्यांत बसेल एवढंच उत्तर मी तयार ठेवलेलं आहे. ते खोटं नाही, अहवालातही तेच लिहिलंय. पण तेच तेच उत्तर देऊन मी आता फार थकलो आहे. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. कागदावर या कामाला मोठं भारदस्त नाव आहे, पण हात काळे व्हायचे ते होतातच. आम्ही मूळचे उरणकडच्या खाडीवरचे कोळी. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आजूबाजूच्या चार बंदरांतून माणसं त्यांना शोधत यायची. ते इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. तो कान माझ्याकडे आला. पुढे मी शिकलो, परीक्षा दिल्या, परवाना मिळवला. तीसेक वर्षं वेगवेगळ्या मालकांची हेलिकॉप्टरं सांभाळली आणि शेवटी पळस्प्याच्या पुढे एका शेडमध्ये येऊन टेकलो. तिथे एका छोट्या कंपनीचं एकच यंत्र होतं, दोन माणसांचं, जुनं. त्याच्या पोटाखाली औषधाची टाकी आणि दोन्ही बाजूंना फवारणीचे लांब दांडे. घाटावरचा ऊस, कोकणातल्या बागा, पावसाळा सरताना भात, जिथे बोलावणं येईल तिथे जायचं. गावातले लोक त्याला पंखा म्हणायचे. "पंखा आला, पंखा आला" करत पोरंबाळं बांधावर जमायची.

वडिलांकडून कानाबरोबर एक नेमही आला. खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसली की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांचा. मी कुठेही नोकरीला असलो तरी हा नेम सोडला नाही. साहेब लोक हसायचे, पण पेढे खायला रांगेत पहिले तेच असायचे. पळस्प्याच्या शेडमध्ये तर मालकालाच हौस होती. लाल कापड, झेंडू, केळीचे खुंट, भटजी, सगळं साग्रसंगीत. पेटीतला एकूण एक पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर मी पुसून, तेलाचा हात फिरवून त्या कापडावर मांडायचो. पेटीत हत्यारांच्या नुसत्या खाचा उरायच्या. मला ते बघायला आवडायचं, कशाला खोटं बोलू.

त्या वर्षी नवमीची पूजा सकाळी नऊला झाली. नारळ फुटला, हत्यारांवर हळदकुंकू पडलं. मालकाचे चार पाहुणे आले होते. ते म्हणाले, पंखा फिरताना तरी दाखवा. यंत्राला घातलेला हार काढून ठेवला, माणसं लांब उभी केली आणि मी यंत्र जागच्या जागी पाच मिनिटं चालवलं. पाहुण्यांनी फोटो काढले. मग इंजिन बंद केलं. पाती हळूहळू थांबत आली आणि अगदी शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत मला आवाज आला. बारीक, कोरडा, कुर्रकुर्र असा. पाहुण्यांना तो ऐकू आला नाही, येणारही नव्हता.

थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. या यंत्रात इंजिनाचा जोर पट्ट्यांवरून वरच्या एका चाकाला जातो आणि तिथून पुढे पात्यांना. पिठाच्या गिरणीत मोटर आणि जातं यांच्यामध्ये पट्टा असतो, तसंच. त्या वरच्या चाकाचं बेअरिंग जाम झालं की पट्टे उडतात. इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि पात्यांना जोर मिळत नाही. कोरडा कुर्रकुर्र आवाज हे त्या बेअरिंगचं लक्षण. नेहमीच नसतं. कधी नुसती धूळ असते, कधी ग्रीस सुकलेलं असतं. पण झाकण उघडून, पट्टे सैल करून बघावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम.

हत्यारं चार पावलांवर होती. लाल कापडावर, कुंकू लावलेली.

मी स्वतःशी म्हटलं, परवा उघडू. उद्या दसरा, उद्या काही उड्डाण नाही, घाई काय आहे. हा विचार करायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आज मी त्या अर्ध्या मिनिटात परत परत जातो आणि तिथे काही सापडत नाही. भीती नाही, शंका नाही, काही नाही. नुसती सवय.

संध्याकाळी पाचला मालकाचा फोन आला. गव्हाणच्या बाजूला खारजमिनीतल्या भातावर लष्करी अळी पडली होती. ही अळी फौजेसारखीच येते, एका रात्रीत शेतंच्या शेतं साफ करते. दाणा भरत आलेला, आठ दिवसांत कापणी आणि लोंब्या कुरतडून खाली पडत होत्या. पाठीवरचे पंप घेऊन माणसं पुरी पडत नव्हती. "उद्या सकाळी सातला निघायचं," मालक म्हणाले. "दसरा आहे, शेतकऱ्यांचा दुवा मिळेल."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, साहेब, यंत्र उघडल्याशिवाय नाही. चार शब्द. मी म्हणालो, "हो साहेब."

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. आमची वैमानिक एक तिशीतली मुलगी होती, पुण्याची. वडील लहानपणीच गेलेले, आईनं नोकरी करून वाढवलेली. ती आली तेव्हा मी तिला मॅडम म्हणायला लागलो तर म्हणाली, "काका, मॅडम नको हो, शाळेत असल्यासारखं वाटतं." मग मी तिला कॅप्टन म्हणायला लागलो. ती मला काका. उडायच्या आधी स्वतः यंत्राभोवती एक फेरी मारायची आणि मग माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "काका, सगळं ठीक?" मी मान हलवली की चढायची. तीन वर्षं हा प्रकार चालला होता. तिच्या हाताला हिसका नव्हता. भाताच्या शेंड्यांवरून दहा-बारा फुटांवर यंत्र असं न्यायची की खालचं पाणी थरथरायचं, पण रोप आडवं पडायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी सहाला शेडमध्ये होतो. आरती दहाला, भटजी तेव्हा येणार. हत्यारं कापडावर तशीच. समईतलं तेल संपून वात काळी पडली होती. मी हाताने पाती फिरवून बघितली. वरच्या झाकणाच्या फटीतून बॅटरी मारली, बोटं घालून चाचपलं. यंत्र गार होतं आणि गार बेअरिंग बहुधा बोलत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, बघ, आवाज नाही. रजिस्टरमध्ये "तपासले" लिहून सही केली.

ती आली, हेल्मेट काखेत. पूजेला नमस्कार केला, यंत्राभोवती फेरी मारली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हणालो.

"संध्याकाळी सोनं द्यायला घरी येणार आहे तुमच्या. काकूंना सांगा, श्रीखंड ठेवा थोडं."

मी औषधाच्या टेम्पोबरोबर आधीच निघालो आणि शेताच्या कडेला बांधावर थांबलो. ती येऊन उतरायची, आम्ही टाकी भरायचो, ती परत उडायची. दोन फेऱ्या झाल्या. बांधावर गाव लोटलं होतं. एक म्हातारा हात जोडून उभा होता, तिला जोडले होते की औषधाला कोण जाणे. तिसऱ्या फेरीत ती शेताच्या टोकाला जाऊन वळली आणि आमच्या दिशेनं येताना आवाज बदलला.

आधी इंजिन किंचाळलं. मोकळं सुटलेलं इंजिन कसं ओरडतं ते मला माहीत आहे. आणि पात्यांचा आवाज पातळ होत गेला. तिला कळायच्या आधी मला कळलं होतं, कारण मी तो आवाज आदल्या दिवशीच ऐकला होता. वरून पडायचं तर पाती वाऱ्यावर फिरवत यंत्र तरंगत खाली आणता येतं, पण त्याला उंची लागते. तिच्याकडे बारा फूट होते. पुढे बांध होता आणि बांधावर आम्ही, तीसेक माणसं. तिनं यंत्र डावीकडे ओढलं, आमच्यापासून लांब. शेपूट बांधाला लागून तुटलं आणि यंत्र कुशीवर चिखलात आपटलं. पुढचे काही क्षण काहीच ऐकू येत नव्हतं. मग बायका ओरडायला लागल्या.

मी धावलो, पण खारजमिनीच्या चिखलात धावता येत नाही, मांडीपर्यंत पाय रुततात. माझ्या आधी एक बाई पोचली. खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडत होती, कमरेला टोपली तशीच बांधलेली. त्या चिखलात कसं चालायचं ते तिला माहीत होतं, मी ते विसरलो होतो. मी पोचलो तेव्हा तिनं कॅप्टनच्या नाकातोंडातला चिखल बोटांनी काढला होता आणि ओंजळीनं तिच्या तोंडावरचं औषध धूत होती. मी कॅप्टनला ओढून बाहेर काढायला गेलो तर बाईनं माझा हात झटकला.

"हलवू नको तिला! कंबर मोडली हाय. फळी आना आदी."

टेम्पोच्या फाळक्याची फळी काढून आम्ही तिला त्यावर घेतलं. ती शुद्धीत होती. माझ्याकडे बघत होती. तिच्या अंगाला औषधाचा उग्र वास येत होता. तो वास नंतर कित्येक दिवस माझ्या हातांवरून गेला नाही.

पनवेलच्या हॉस्पिटलात तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं, मग मांडीचं. जगेल, असं तिसऱ्या दिवशी म्हणाले. चालेल की नाही ते नंतर बघू म्हणाले. दसऱ्याचं श्रीखंड फ्रीजमध्ये तसंच पडून होतं, बायकोनं ते कधी टाकलं मला कळलं नाही.

आणि बाहेर बोलणी सुरू झाली. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. "बाई चालवत होती म्हणे." "मग काय होणार!" शहाणीसुरती माणसं हे बोलत होती. चौकशीला दोन अधिकारी आले. सभ्य माणसं, फार बोलत नव्हती. त्यांचा पहिला अंदाजही त्याच वाटेनं जात होता, फक्त शब्द चांगले होते. टाकी भरलेली, यंत्र जड, वळताना वैमानिकानं जास्त ओढलं असेल, पात्यांचा वेग पडला असेल. पट्टे उडाले काय नि हे झालं काय, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. बेअरिंग तुटलेलं सापडलं होतं, पण ते आपटल्यावरही तुटू शकतं. त्यांनी मला विचारलं, "उड्डाणाआधी काही आढळलं होतं?"

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे तपासलं होतं. रजिस्टरमध्ये आहे."

बाहेर आल्यावर मालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला होता. "रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची," तो म्हणाला. "जे झालं ते झालं. मुलगी वाचली, देवाची कृपा. आता कुणी तरी चुकलं असं ठरणारच आहे. तिला काय, तरुण आहे, दुसरं काही तरी करेल."

मी रोज हॉस्पिटलात जात होतो. विचुंब्याहून स्कूटर काढायची, पनवेलच्या गर्दीतून वाट काढायची, खालून नारळपाणी घ्यायचं आणि तिसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीबाहेर बाकावर बसायचं. आत जायचा धीर होत नव्हता. तिची आई बाहेर यायची, तिला नारळपाणी द्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि परत. दहाव्या-बाराव्या दिवशी आई माझ्या शेजारी बसली. रात्ररात्र जागून तिचा चेहरा पार उतरला होता.

"तुम्हीच ते काका ना?" ती म्हणाली. "ती डोळे मिटून सारखं तेच तेच करत असते. हात असे हलवते पांघरुणावर. मी विचारलं, काय करतेस गं? तर म्हणते, आई, माझं काय चुकलं ते शोधतेय. मी म्हटलं, यंत्रच बिघडलं असेल. तर म्हणाली, नाही, काकांनी ठीक म्हटलं होतं. म्हणजे चूक माझीच आहे, फक्त मला ती सापडत नाहीये."

मी नारळपाण्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि उठलो. जिन्यावरच्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहिलो. मला रडू आलं. साठीला आलेला माणूस, येणारेजाणारे बघतायत आणि मी तोंडात रुमाल कोंबून रडतोय. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी माझी आई असते. ऐंशी पार केलेली, कान तिखट. मी जेवलो नाही हे तिनं बघितलं आणि माझ्या खाटेवर येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. आवाज, हत्यारं, नेम, "ठीक". बायकोलाही सांगितलं नव्हतं, ती दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, बाबांचा नेम होता, मोडवला नाही.



"कोनता नेम?" आई म्हणाली. "तुजा बापूस दोनदा उटलेला पूजेवरशी हत्यारा घेऊन. एकदा तू पोटान होतास. शेजाऱ्याची होरी निगायची होती, इंजिन खोकत होता. तुज्या बापसानं हात जोडला, कुंकवासकट पाना उचलला नि गेला. आमी बोललो, पूजा मोडली. तो काय बोलला ठाव हाय? बोलला, मानूस पान्यान जानार हाय, देव कया रागावंल?"

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तू कदी इचारलास नाय," ती म्हणाली. "तुला नुसती मांडलेली पूजा दिसली. जा, त्या पोरीला सांग आदी. सायबाला मंग."

म्हणजे मी आयुष्यभर पाळला तो नेम अर्धाच होता. वडिलांनी मला मांडायचं शिकवलं, उचलायचं शिकवायचं राहून गेलं. त्यांच्यावर ढकलावं म्हणून हे लिहीत नाही. ते असते तर त्यांनी माझ्या कानाखाली काढली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. गळ्यापासून कमरेपर्यंत पट्टा आवळलेला, चेहरा एवढासा झालेला. मला बघून हसली.

"काका, बरं झालं आलात. मला सांगा, मी वळले तेव्हा तुम्ही बघत होतात ना? मी जास्त ओढलं का? मला तो आवाज आठवतो, त्याच्या आधीचं काही आठवत नाही. खरं सांगा हं, वाईट नाही वाटून घेणार."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. नवमीला काय ऐकलं, हत्यारं कुठे होती, काय विचार केला, दसऱ्याला सकाळी काय केलं आणि काय केलं नाही. "तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "तू उलट बांधावरची माणसं वाचवलीस. मीही होतो त्यात."

तिला कॅप्टन म्हणायचं त्या वेळी तोंडातून निघालं नाही.

ती वर छताकडे बघत होती. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"पूजेत होती म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

"मला नुसतं सांगितलं असतंत ना काका, तर मी थांबले असते. एक दिवस थांबले असते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच तिला वळवता येत होतं. मी निघालो.

तिथून सरळ अधिकाऱ्यांकडे गेलो आणि लिहून दिलं. त्यांना म्हणालो, ते बेअरिंग कापून आतून बघा. आपटून तुटलं असेल तर लोखंड आतून स्वच्छ दिसेल. आधीपासून घासत असेल तर तापून निळं पडलेलं असेल. मोठे अधिकारी चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "याचा तुमच्या परवान्यावर परिणाम होईल, कल्पना आहे ना?" मी म्हटलं, आहे. त्यांनी मला पाणी दिलं.

बेअरिंग कापलं. आत निळं होतं.

अहवाल यायला कित्येक महिने लागले. त्यात एका पानावर लिहिलंय की अपघात यांत्रिक बिघाडामुळे झाला, वैमानिकाची चूक आढळत नाही. त्याच्या पुढच्या पानावर मी आहे. परवाना निलंबित झाला, मग मी तो परत मागितलाच नाही. शेड बंद पडली. मालक भेटला तर ओळख देत नाही, त्याला मी दोष देत नाही. आता सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर बघतो, शेजाऱ्यांचे मिक्सर बघतो. लोक लिफ्टमध्ये विचारतात, मी म्हणतो बिघाड झाला. माझाच झाला, हे चार मजल्यांत सांगून होत नाही.

तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. पुण्याला घेऊन गेले, एवढं कळलं. वाट बघणं हेही एक काम असतं आणि त्यानं माणूस कामापेक्षा जास्त थकतो.

पुढची खंडेनवमी आली. बायकोनं विचारलं, मांडायची का हत्यारं? माझ्या स्वतःच्या पेटीत थोडी होती. मी पुसली, तेल लावलं, पाटावर मांडली. एक पाना मात्र खिशात ठेवला. आईनं खाटेवरून बघितलं आणि मान हलवली.

दसऱ्याच्या संध्याकाळी खालून वॉचमनचा फोन आला. "काका, एक मॅडम आल्यात. लिफ्ट बंद हाय, त्यांना चढवत नाय. तुमी या खाली."

सहा मजले मी कसा उतरलो ते आठवत नाही. ती पार्किंगमध्ये उभी होती, हातात काठी. केस कापलेले, अंग वाळलेलं. शेजारी आई. मी शेवटच्या पायरीवरच थांबलो. पुढे जायचं की नाही कळेना.

"मागच्या वर्षी संध्याकाळी येणार होते," ती म्हणाली. "राहून गेलं."

मी विचारलं, "उडणार का परत?"

"डॉक्टर ठरवतील. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. नाही म्हणाले तर नाही." मग जरा हसली. "पण आईनं त्या पानाची झेरॉक्स काढून देवघरात ठेवलीय. माझी चूक नाही लिहिलंय ते पान. रोज फूल वाहते त्याला."

"वाहणार," तिची आई म्हणाली. "कुणाला काय करायचंय?"

तिनं पिशवीतून आपट्याची पानं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, एवढं ती म्हणाली. मग रीतीप्रमाणे पाया पडायला पुढे झाली आणि मध्येच थांबली. तोंड वेडंवाकडं झालं.

"वाकता येत नाही हो काका. पाठीत पट्ट्या बसवल्यात. या जन्मात नाही येणार म्हणतात."

मी सोनं खिशात ठेवलं, पान्याशेजारी. आणि मी वाकलो. तिच्या डाव्या बुटावर, लोखंडी आधार बांधला होता त्यावर, हात टेकवले. वॉचमन बघत होता, वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. बघू देत.

"अहो काका, काय करताय हे! उठा ना," ती म्हणत होती.

मला उठायचं होतं, पण गुडघे धरले होते. शेवटी तिनंच काठी आईकडे दिली आणि हात पुढे केला.